चिल्लर मोजता मोजता नाणेसंग्रह



गेल्या तीन-चार महिन्यांत गटांच्या बैठकांना गेलो की आम्हाला एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "ताई, देवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं दहा लाखाला जातं म्हणतात. खरं का?" कुणाच्या मोबाईलवर त्याचा व्हिडिओ आलेला असतो, कुणाला भाच्याने दाखवलेला असतो. मग घरातले डबे उपसले जातात, देवघरातली वाटी पालथी होते, आणि एखादीला खरोखरच तसलं नाणं सापडतंसुद्धा.

उत्तर आधीच देऊन टाकतो. खरं नाही. ते नाणं माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून २०१२ साली काढलेलं आहे. पाच रुपयांचं आहे, तसंच दहा रुपयांचंही आहे. सरकारने ते चलनात सोडायलाच पाडलं, म्हणून तर ते आपल्या बटव्यापर्यंत पोचलं. वाणी त्या पाचच्या नाण्याला पाच रुपयांचाच माल देईल. एखादा नाणी जमवणारा हौसेने चार पैसे जास्त देईल. लाख मात्र कुणी देत नाही.

आता हे लाखवाले काय करतात ते ऐका. ते आधी नाण्याचा फोटो मागवतात. फोटो बघून म्हणतात, "अभिनंदन ताई, तुमचं नाणं पास झालं." मग नोंदणीचे पाचशे-सातशे रुपये मागतात. ते भरले की जीएसटी, मग टीडीएस, मग नाणं न्यायला येणाऱ्या गाडीचं भाडं. प्रत्येक वेळी "हे भरलं की लगेच दहा लाख" असं सांगतात, आणि रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेला कागदही पाठवतात. आमच्या भागातल्या एका ताईंनी शेळी विकून आलेले पैसे असे टप्प्याटप्प्याने घालवले. घरात सांगायची सोय नव्हती, म्हणून दोन महिने त्या गप्प बसल्या. बैठकीत दुसऱ्या एकीने तसलाच व्हिडिओ दाखवला तेव्हा त्यांच्या तोंडून ते बाहेर पडलं.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की, जुनी नाणी आणि नोटा विकत घेण्याचा व्यवहार बँक करत नाही, त्यासाठी कुठलंही कमिशन किंवा कर मागत नाही आणि तसा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. तेव्हा पैसे देण्यासाठी आधी आपल्याकडून पैसे मागणारा माणूस कोण, हे ओळखायला जास्त शिक्षण लागत नाही. कुणाचे पैसे गेलेच तर लाजून बसू नका. १९३० या नंबरवर लगेच फोन करा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

या सगळ्या भानगडीतून एक चांगली गोष्ट मात्र झाली. बायका नाणी उलटून पालटून बघायला लागल्या. आपण आयुष्यभर चिल्लर मोजतो, पण नाण्यावर काय आहे ते कुठे वाचतो? दोन गटांत तर आता नाण्यांची वही सुरू झाली आहे. म्हणून आज सांगायचं आहे ते हे की, रोजच्या सुट्ट्या पैशांतून नाणेसंग्रह कसा करायचा. त्याला खर्च येतो तो नाण्यावर छापलेल्या किमतीएवढाच. हौस संपली तर बटव्यात टाकून भाजी आणता येते. असा दुसरा कुठला छंद आम्हाला तरी माहीत नाही.

सुरुवात एक रुपयाच्या नाण्यापासून करा. आपल्या हातात येतं ते पोलादाचं, म्हणजे स्टीलचं नाणं १९९२ पासून निघतंय. प्रत्येक वर्षाचं एक नाणं जमवायचं, एवढंच ठरवा. पहिल्या आठवड्यातच दहा-बारा वर्षं सापडतात. मग वेग कमी होतो. एखाद्या सालासाठी महिनोन्महिने थांबावं लागतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. तीस-पस्तीस रुपयांत तीस-पस्तीस वर्षं डब्यात येतात. त्यात कुणाच्या लग्नाचं साल असतं, कुणाच्या लेकीच्या जन्माचं. एका गटात प्रत्येकीने आपापल्या मुलांच्या जन्मसालांची नाणी शोधायची असं ठरवलं, तर ज्यांना अक्षरओळख कमी त्याही चार दिवसांत इंग्रजी आकडे वाचायला लागल्या, कारण नाण्यावर साल त्याच आकड्यांत असतं. साक्षरतेच्या वर्गात जे जमलं नाही ते रुपयाच्या नाण्याने केलं, असं म्हणायला हरकत नाही.

साल सापडलं की त्याच्या खाली बघा. तिथे एक बारीकशी खूण असते, किंवा नसते. नाणी जिथे पाडतात तिला टांकसाळ म्हणतात, आणि आपल्या देशात अशा चार टांकसाळी आहेत. सालाखाली शंकरपाळ्यासारखा बारीक चौकोन असेल तर ते नाणं आपल्या मुंबईचं. पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचं. गोल टिंब असेल तर नोएडाचं, म्हणजे दिल्लीजवळचं. आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. मुंबईची टांकसाळ फोर्ट भागात आहे, जवळजवळ दोनशे वर्षं जुनी. नोएडाची सगळ्यांत नवी, तिथे १९८८ पासून काम सुरू झालं. म्हणजे एकाच सालाची चार ठिकाणची चार नाणी असू शकतात. ज्यांची साल-यादी पुरी होत आली त्यांनी मग खुणांची यादी सुरू करावी. पोरांना या कामाला लावा, त्यांची नजर बारीक असते. १९८५ चा जुना मोठा रुपया सापडला आणि सालाखाली इंग्रजी एच दिसला, तर ते नाणं इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला पाडलेलं आहे. त्या काळात आपल्याकडे सुट्ट्यांची इतकी टंचाई होती की सरकारने परदेशातून नाणी पाडून आणली. वाणी सुट्ट्यांऐवजी चॉकलेट हातावर ठेवतो हे दुखणं तसं जुनंच आहे.

नाणी मिळणार कुठे? चिल्लर आता कमी झाली हे खरं. बाजारातला भाजीवालासुद्धा स्कॅन करायचा कागद लावून बसतो. पण पिठाची गिरणी आहे, देवळाबाहेरचा फुलवाला आहे, आठवडे बाजार आहे. शिवाय एसटी आहे. मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट लागतं, आणि अर्धं तिकीट म्हटलं की सुटे आलेच. कंडक्टरने दिलेली नाणी न बघता पर्समध्ये टाकू नका, एवढीच सवय लावायची.

गटाच्या बैठकीतही चिल्लर जमते. तिथे मात्र एक नियम आम्ही पहिल्या दिवसापासून पाळायला लावतो. गटाच्या पैशातलं नाणं संग्रहासाठी घ्यायचं असेल, तर सगळ्यांसमोर तेवढ्याच किमतीचं दुसरं नाणं आधी पेटीत टाकायचं, आणि मगच ते उचलायचं. "उद्या टाकते" चालणार नाही. एका रुपयाचा प्रश्न नाही, पण हिशेबात एक रुपया कमी आला की सचिवाची झोप जाते आणि बायकांच्या तोंडी नको ते विषय येतात.

आता आमच्या आवडीचा भाग. सरकार काही नाण्यांवर एखाद्या माणसाचं, प्रसंगाचं किंवा कार्यक्रमाचं चित्र काढतं. त्यांना स्मारक नाणी म्हणतात. स्वतंत्र भारताचं असं पहिलं नाणं १९६४ साली पंडित नेहरूंचं निघालं. आपल्या महाराष्ट्रातली मंडळी शोधायची तर १९९० चा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपया आहे. १९९९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं आणि संत ज्ञानेश्वरांचं एक रुपयाचं नाणं निघालं. २००२ चं संत तुकारामांचं दोन रुपयांचं आहे, २००७ चं लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं आहे. आषाढीच्या सुमारास ज्ञानोबा-तुकोबांची दोन नाणी शेजारी शेजारी ठेवून दाखवली तेव्हा एका आजींनी दोन्हींना हात लावून नमस्कार केला, आणि मग विचारलं, "मुक्ताईचं नाही का काढलं?"

बायकांचं काय काढलं, हा प्रश्न आम्हाला पडलाच होता. शोधलं तर बरंच निघालं, आणि ते बघून आम्ही चकित झालो. १९७५ हे जागतिक महिला वर्ष. त्या साली दहा पैशांच्या नाण्यावर समानता, विकास आणि शांती हा संदेश आला. १९७७ साली पाच पैसे आणि दहा पैशांवर विषय होता 'विकासासाठी बचत'. बघा, आपले गट निघायच्या कितीतरी आधी आपलं ब्रीदवाक्य पाच पैशांच्या नाण्यावर छापलेलं होतं! १९८० साली दहा आणि पंचवीस पैशांचा विषय होता 'ग्रामीण महिलांची प्रगती'. म्हणजे आपणच. १९९० साली अंगणवाडीच्या योजनेला, म्हणजे एकात्मिक बालविकास योजनेला पंधरा वर्षं झाली म्हणून एक रुपयाचं नाणं निघालं, आणि त्याच साली मुलींची काळजी घ्या असं सांगणारं दुसरं एक रुपयाचं नाणं निघालं. १९९६ च्या पाच रुपयांच्या नाण्यावर आईचं आरोग्य तेच बाळाचं आरोग्य हा विषय होता. व्यक्ती म्हणाल तर इंदिरा गांधींचं पाच रुपयांचं आणि पन्नास पैशांचं नाणं १९८५ चं. मदर तेरेसांचं पाच रुपयांचं २०१० चं, गायिका बेगम अख्तर यांचं २०१४ चं, आणि नागा भागात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या राणी गाइदिन्ल्यू यांचं २०१५ चं.

ही यादी वाचून दाखवली की आमच्या बैठकीत वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा. एक म्हणते, "सरकारने निदान नाण्यावर तरी आपलं नाव काढलं." दुसरी म्हणते, "काढलं ते दहा पैशांवर. नोटेवर कुठे काढलं?" आम्हाला दुसरीचं म्हणणं जास्त पटतं. पण हेही आहे की नोट साहेबाच्या पाकिटात असायची आणि दहा पैसे आपल्या कनवटीला. निरोप ज्याला द्यायचा त्याच्या हातात जाणाऱ्या नाण्यावरच तो लिहिला होता. फक्त वाचला कुणी नाही.

एक लक्षात ठेवा. सरकार पंचाहत्तर, शंभर, तीनशे रुपयांचीही नाणी काढतं. २०२५ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं तीनशे रुपयांचं नाणं निघालं. ही मोठ्या किमतीची नाणी व्यवहारात सोडत नाहीत. ती जमवणाऱ्यांसाठी टांकसाळ जास्त किमतीला विकते. बाजारात कुणी ती "सुट्ट्यांत आली" म्हणून विकायला लागला तर दोनदा विचार करा.

वर सांगितलेली पैशांची नाणी आता बाजारात मिळणार नाहीत. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून व्यवहारातून बंद झाली. तेव्हापासून सव्वा रुपया ठेवायची पंचाईत झाली आणि दक्षिणा अकरा रुपयांवर गेली. पण घरात ती आहेत. सासूबाईंच्या ट्रंकेत, धान्याच्या कणगीशेजारच्या डब्यात, सत्यनारायणाच्या पूजेच्या पिशवीत शोधा. ॲल्युमिनियमचा हलका चौकोनी एक पैसा, नागमोडी काठाचे दोन आणि दहा पैसे, सहा कोनांचे तीन आणि वीस पैसे, गेंड्याचं चित्र असलेले चार आणे. पन्नास पैशांचं नाणं मात्र कायद्याने आजही चालतं, दुकानदार काहीही म्हणो.

यातली सगळ्यांत जुनी नाणी 'नये पैसे' अशी असतील. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे होते. त्या दिवसापासून शंभर झाले. लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून नव्या नाण्यावर 'नया पैसा' लिहिलं आणि शेजारी हिंदीत 'रुपये का सौवां भाग' असा खुलासाही छापला. १९६४ मध्ये 'नया' शब्द गेला. आता यातली अडचण बघा. चार आण्यांचे पंचवीस पैसे बरोबर होतात, पण एका आण्याचे सव्वासहा. सव्वासहा पैशांचं नाणं कुठून आणायचं? म्हणून आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस असा कोष्टकाचा हिशेब ठरवला होता. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे विचारा. चवली, पावली, अधेली, भोकाचा पैसा, ढब्बू पैसा, असे शब्द त्यांच्या तोंडून आले की पटकन लिहून घ्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांबं वाचवायला मध्ये भोक पाडलेला पैसा काढला होता, तोच भोकाचा पैसा. नाणं सापडेल न सापडेल, ते वापरलेलं माणूस आत्ताच समोर आहे.

खरं तर आपल्याकडे नाणी जपायची पद्धत बायकांनीच ठेवली. बंजारा बायांच्या कपड्यांवर नाणी टाकलेली असतात. पुतळ्यांची माळ आपण दागिना म्हणून मिरवतो, तिचं मूळ परदेशी सोन्याच्या नाण्यांत आहे. देवघरात तांब्याची शिवराई पुजणारी घरं आजही आहेत. मराठवाड्यात कपाटाच्या तळाशी चारमिनारचं चित्र असलेली निजामाची नाणी, म्हणजे हाली सिक्का निघतो. हे सगळं आजीने, पणजीने कुठेतरी बांधून ठेवलं म्हणून राहिलं.

आणि इथेच सगळ्यांत मोठं नुकसान होतं, ते घासण्याने. आपल्याला काळं भांडं दिसलं की हात शिवशिवतात. चिंच, लिंबू, राख, मीठ, तारेची घासणी, सगळं वापरून आपण शिवराई लखलखीत करतो. तांब्याच्या नाण्यावर वर्षानुवर्षांत जो काळपट तपकिरी थर येतो तो मळ नाही. तो धातूचाच भाग असतो आणि खालच्या अक्षरांना जपतो. चिंचेतलं आम्ल तो थर खातं, त्याबरोबर नाण्याचा वरचा बारीक पापुद्रा जातो आणि राख त्यावर ओरखडे काढते. दर दिवाळीला असं घासलं तर काही वर्षांत अक्षरं सपाट होतात. अक्षरं गेली की ते नुसतं तांब्याचं चकतं. जाणकार माणूस घासलेल्या नाण्याला निम्मीसुद्धा किंमत देत नाही. तेव्हा नाणं घासायचं नाही. चिखल-माती असेल तर साध्या पाण्यात भिजत ठेवा, बोटाने न चोळता निथळा आणि सुती कापडाने टिपून कोरडं करा. पूजेतल्या नाण्यांना हळद-कुंकू आणि दूध-दही लागतं, ओलाव्याने ती हिरवी पडतात. पूजेला एक नाणं ठरवून ठेवा, बाकीची लांब ठेवा.

ठेवण्यासाठी महागडा अल्बम लागत नाही. जुन्या वहीच्या कागदाची लहान पाकिटं करा, एका पाकिटात एकच नाणं, आणि वर पेनाने किंमत, साल, खूण, कुठे मिळालं आणि कधी मिळालं ते लिहा. नाणं आत घालायच्या आधी लिहा, नाहीतर पेनाचा दाब नाण्यावर पडतो. पाकिटं झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा चुलीपासून, मोरीपासून लांब ठेवा. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या वापरू नका, त्यांनी काही काळाने नाण्यांवर चिकट हिरवट थर येतो. नाणं धरायचं ते कडेने, दोन बोटांत. हाताच्या घामाचा ठसा धातूवर उमटतो आणि तसाच राहतो.

चुंबक एक ठेवा डब्यात. जुन्या स्पीकरमधलाही चालेल. १९९२ नंतरचा रुपया त्याला चिकटतो, कारण तो स्टीलचा आहे. त्याआधीचा १९७५ ते १९९० मधला तांबं-निकेलचा मोठा रुपया चिकटत नाही. अकरा कोनांचं जुनं दोन रुपयांचं नाणंही चिकटत नाही. हा पोरांचा खेळ वाटेल, पण त्याचा खरा उपयोग पुढे आहे.

दारावर भांडीवाले येतात. जुने कपडे घेतात तसे "जुने रुपये असतील तर द्या, स्टीलचा डबा देतो" म्हणतात. घरात राणीछाप रुपया असेल तर डब्यावर देऊ नका. व्हिक्टोरिया राणीचे, सातव्या एडवर्डचे आणि पाचव्या जॉर्जचे रुपये चांदीचे आहेत. वजन ११.६६ ग्रॅम, आणि शंभरात जवळजवळ ब्याण्णव भाग चांदी. जुना तोळा म्हणतात तो याच रुपयाचं वजन. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मी केली. १९४७ चा मागे वाघ असलेला रुपया तर चांदीचा नाहीच, निकेलचा आहे आणि तो चुंबकाला चिकटतो. उलट कुणी राणीछाप म्हणून विकायला आला आणि चुंबकाला चिकटला, तर तो खोटा हे तिथेच कळलं. अडचणीच्या वेळी चांदीचा रुपया मोडावा लागला तर सोनाराकडे जायच्या आधी त्या दिवसाचा चांदीचा भाव विचारून घ्या आणि काटा समोर लावायला सांगा. सालाप्रमाणे चांदी किती हे तुम्हाला माहीत आहे असं दिसलं की बोलण्याचा सूर बदलतो.

शेत नांगरताना किंवा पाया खणताना मडक्यात नाणी सापडली तर मात्र गोष्ट वेगळी. १८७८ चा कायदा आजही आहे. असा साठा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, लपवणं गुन्हा ठरतं. वाटून घेण्याच्या भानगडीत पडू नका. तशीच चालू नाणी वितळवणं किंवा मोडणं हाही कायद्याने गुन्हा आहे. भांडीवाला पोतंभर पाचची जाड नाणी कशाला मागतो, हे त्यावरून समजून घ्या.

संग्रहाचा सगळ्यांत रोकडा फायदा आमच्या गटांना झाला तो दहाच्या नाण्यावरून. आठवत असेल, काही वर्षांपूर्वी दहाची नाणी कुणी घेईना. ज्यावर पंधरा रेघा आणि रुपयाचं चिन्ह नाही ती खोटी, दहा रेघा आणि चिन्ह असलेली खरी, अशी आवई उठली होती. दुकानदार परत करत होते आणि बायका पिशवीभर नाणी घेऊन घरी बसल्या होत्या. आता जी साल वाचायला शिकली ती याचं उत्तर स्वतःच देते. दहाच्या नाण्यावर २००५ पासूनची सालं सापडतात. रुपयाचं चिन्ह, म्हणजे वर दोन आडव्या रेघा असलेला र, सरकारने स्वीकारलं जुलै २०१० मध्ये. त्याआधीच्या नाण्यावर ते चिन्ह येणार कुठून? नसलं तरच ते बरोबर. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये दहाच्या नाण्याचे चौदा प्रकार सांगून ते सगळे चालतात असं जाहीर केलं. एका गटातल्या बायकांनी हे चौदांपैकी नऊ प्रकार एका पुठ्ठ्यावर चिकटपट्टीच्या खाचांत बसवले आणि तो पुठ्ठा बाजारच्या दिवशी दुकानदाराला दाखवला. तो पुढे काही बोलला नाही, नाणी मोजून घेतली. आता तोच प्रकार वीसच्या बारा कोनी नाण्याबाबत कुठे कुठे चालू आहे. ते २०२० पासून चलनात आहे आणि खरं आहे.

बँकेतही तसंच. खात्यात भरायला नेलेली नाणी बँकेने नाकारायची नाहीत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या करून नेल्या तर खिडकीवरच्या माणसाचीही चिडचिड होत नाही. दुकानात मात्र लक्षात ठेवा, एका वेळी नाण्यांत हजार रुपयांपर्यंतच रक्कम घ्यायला समोरचा बांधील असतो, आणि पन्नास पैशांची नाणी असतील तर दहा रुपयांपर्यंत.

ज्यांना मोठा संग्रह बघायचा आहे त्यांच्यासाठी नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे, आणि मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. त्र्यंबकेश्वरला सहल जाणारच असेल तर अंजनेरीला थांबायचं ठरवा, जाण्याआधी ते उघडं आहे का ते विचारून घ्या.

ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपली दुबार नाणी आणावीत, म्हणजे ज्या सालाची दोन-दोन आहेत ती. जेवणाच्या सुट्टीत सतरंजीवर मांडू आणि सारख्या किमतीला सारखी किंमत अशी अदलाबदल करू. वही आणि चुंबक आम्ही आणतो. १९८० चे पंचवीस पैसे, ग्रामीण महिलांचे, आमच्या कुठल्याच गटाला अजून मिळालेले नाहीत. कुणाच्या ट्रंकेत असतील तर घासू नका, तसेच घेऊन या.